उसाच्या कडेला वाजलेली कॅसेट

मला मुंबईच्या विमानतळावर न्यायला भाड्याची सुमो आली, तेव्हा राजुरीच्या आमच्या मळ्यात कांद्याची काढणी चालू होती. काम सोडून सगळे बांधावर आले. आप्पा म्हणाले, "दोन वर्सं. मग माघारी यायचं. आन् तिकडं मुकाट बसू नको, लोकं येडी समजत्यात." मी मान हलवली.

कॅनडात मी शिकायला गेले त्या युनिव्हर्सिटीच्या तळघरात विद्यार्थ्यांचं रेडिओ स्टेशन होतं. रेकॉर्ड्स जागच्या जागी लावणं हे माझं काम. बुधवार दुपारचा तास चालवणारा मुलगा सोडून गेला आणि तो तास माझ्याकडे आला: जॅझ, ब्लूज, लॅटिन, सगळं मिसळून. बोलावं लागत नसे, म्हणून मी हो म्हटलं. एक गाणं विरत जाताना दुसरं हळूच वर आणायचं. लॅटिन गाण्यांतल्या काँगो-ढोलाची थाप ऐकली की नारायणगावच्या जत्रेतल्या तमाशाची ढोलकी आठवायची. घरी 'इंग्लिश मीडियमच्या पोरीनं' तिकडं बघायलाही बंदी होती. ब्लूजमध्ये पुष्कळदा एकच ओळ दोनदा म्हणतात, मग तिसरी येते. एका दमात सांगवत नाही अशा गोष्टींसाठीच ही रीत असावी, असं मला वाटे.

माझ्याकडेही तशी एक गोष्ट होती. अवसरीचं स्थळ घरच्यांनी जवळजवळ पक्कं केलं होतं, आणि मला परतायचं नव्हतं. आमचा फोन ओसरीत. तिथं कायम कुणीतरी बसलेलं. म्हणून मी माझ्या कार्यक्रमाची एका तासाची कॅसेट भरली आणि गाणी संपल्यावर मराठीत बोलले: "आप्पा, मी इथंच नोकरी बघतेय. त्या मुलाला हो म्हणू नका." कॅसेट घरी पाठवली. आई-आप्पा घरात दार लोटून ऐकतील, असा माझा हिशेब.

पण आमच्याकडे उसाला लागून काम असलं की कडेला टेप वाजत ठेवतात. माणसांचा आवाज असला की बिबट्या लांब राहतो, अशी समजूत. त्या दिवशी भजनाची कॅसेट गुंतली, आणि माझी नुकतीच पोस्टानं मळ्यात आली होती. आई म्हणाली, "पोरीची हाय, घरी ऐकू." आप्पा म्हणाले, "बिबट्याला काय कळतंय? लाव."

खुरपणीच्या बायांनी तासभर माझा कार्यक्रम ऐकला. ब्लूज लागल्यावर शेजारच्या हिराकाकू म्हणाल्या, "ह्या बाईला सासूनं लई छळलेलं दिसतंय." मग गाणी थांबली आणि माझा आवाज आला. खुरपी थांबली. "अगं, ही तर आपली!" हिराकाकू म्हणाल्या. "पावण्यांना नको म्हणती."

हे सगळं आईनं रविवारी फोनवर सांगितलं. मग आप्पांनी रिसीव्हर घेतला.

"समद्या मळ्यानं ऐकलं. पावण्यांना नकार कळवलाय."

मी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

"पर मला तोंडानं का न्हाई सांगितलंस?"

त्यांनी फोन ठेवला नाही. ओसरीतलं बोलणं, बाहेरचा ट्रॅक्टर, सगळं ऐकू येत होतं.

"भीती वाटली," मी म्हणाले.

"माझी?"

"हो."

"बरं," ते म्हणाले. मग पुन्हा, "बरं."

त्याला आता बरीच वर्षं झाली. गावातले जे माझ्यासारखे बाहेर पडले, ते विचारतात, घर कुठलं म्हणायचं? जे गावात राहिले, ते विचारतात, येणार कधी? दोघांनाही माझ्याकडे धड उत्तर नाही. इथल्या फ्रीजमध्ये आईची चटणी आहे, तिथल्या कपाटात माझे जुने स्वेटर. एवढ्यानं काही ठरत नाही.

पण सुट्टीत राजुरीला गेले की घरात काहीही ठरवायचं असलं, विहिरीची मोटर असो नाहीतर चुलतभावाचं लग्न, आप्पा माझ्याकडे वळून विचारतात, "तुझं काय म्हननं?" मला वेळ लागतो. बाकीचे चुळबुळ करतात. आप्पा थांबतात.