शालीखालची पिशवी

मोठ्या भावाला वहिनीच्या यकृताचा तुकडा बसवला होता. मुंबईहून गंगापूर रोडच्या घरी आणलं तेव्हा पित्त काढणारी नळी त्याच्या बरगडीखालून निघून एका पिशवीत जात होती. पिशवीकडे बघायचं काम माझं.

एका दुपारी ओझरच्या कारखान्यातले त्याचे सोबती भेटायला आले. ती हिरवट पिशवी मला लाजिरवाणी वाटली. मी ती त्याच्या मांडीखाली सारली, वर शाल टाकली.

"लपवतोस काय? चोरीची आहे का?" भाऊ हसला.

चहापाण्यात मी विसरलोच. सकाळी त्याला हुडहुडी भरली, डोळे पिवळेजर्द. पित्त आत तुंबून विष पसरलं होतं. आठवड्यात तो गेला.

तेराव्याला आत्या म्हणाली, "बायकोचं यकृत मानवलं नाही त्याला." वहिनी समोरच बसली होती. मी मान खाली घालून जेवत राहिलो.

परवा, इतक्या वर्षांनी, तिला सगळं सांगितलं. ती मेथी निवडत होती.

"भाऊजी, दुमडलेली नळी त्या सकाळी मीच सरळ केली," ती म्हणाली. "मला वाटलं, तेराव्याला तरी बोलाल."