गार्लंडच्या गाडीची पिन

जुन्या गाड्यांच्या नादी लागलेली माणसं ओहायो नदीच्या काठाने काही कमी नाहीत, पण व्हर्लिन स्टॅम्परइतका चिवट त्यांच्यातही दुसरा नव्हता. वीटभट्टीतून निवृत्त झाल्यावर त्याने एकोणसत्तर सालच्या प्लिमथ जीटीएक्सचा सांगाडा आणून गराजमध्ये ठेवला, आणि अकरा वर्षं झाली तरी काम संपेना. दारं मिळाली, सीटा मिळाल्या, नदीपलीकडे केंटकीत एका खुराड्यावर छप्पर म्हणून टाकलेलं बॉनेट मिळालं. इतरांच्या गाड्या एव्हाना रंगून जत्रांत मिरवत होत्या. व्हर्लिन मात्र कुठल्याही भंगारवाल्याकडे गेला की खिशातून एक मऊ पडलेला कागद काढायचा, त्यावरचे आकडे दाखवायचा आणि विचारायचा, "हा नंबर कुठे दिसलाय का हो?"

लोकांना त्यात वावगं वाटत नसे. या छंदात नंबरांचं खूळ सगळ्यांनाच असतं. ज्याच्यावर आपल्याच गाडीचा नंबर ठोकलाय असं इंजिन मिळावं म्हणून भलीभली माणसं बायकोचा वाढदिवस विसरतात. फक्त व्हर्लिनच्या कागदावरचा नंबर त्याच्या गाडीचा नव्हता. हे कुणालाच ठाऊक नव्हतं, त्याच्या बायकोला, नेडीनलासुद्धा नाही.

तो नंबर गार्लंडच्या गाडीचा होता. गार्लंड म्हणजे थोरला भाऊ. १९७३ च्या जुलैत, शनिवारी भर दुपारी, नदीकाठचा रस्ता जिथे डावीकडे वळतो तिथे गार्लंडची जीटीएक्स वळलीच नाही. ती सरळ नदीत गेली. रस्ता कोरडा होता आणि ब्रेक दाबल्याची खूण कुठेही नव्हती. "स्टिअरिंग निकामी झालं असणार," शेरिफचा माणूस म्हणाला, आणि सोळा वर्षांच्या व्हर्लिनच्या पायाखालची जमीन सरकली.

कारण आदल्याच संध्याकाळी डाव्या चाकाचा टाय रॉड त्याने बदलला होता. स्टिअरिंग फिरवलं की चाक वळवतो तो हा दांडा. त्याचा नट सुटू नये म्हणून त्यातून बोटाच्या पेराएवढी कॉटर पिन घालायची आणि तिचे पाय दुमडायचे. बातमी आली त्या संध्याकाळी व्हर्लिनला गराजच्या जमिनीवर एक कोरी पिन सापडली. पाकिटात एक होती की दोन, हे त्याला काही केल्या आठवेना. त्याने ती पिन खिशात घातली, दुसऱ्या दिवशी नदीत फेकली आणि तोंडाला कुलूप घातलं. नदीतून काढलेली गाडी वडिलांनी न बघताच कुणा भंगारवाल्याला देऊन टाकली. ती पुढे कुठे गेली कुणी विचारलं नाही. आपण भावाला मारलं की नाही, हे त्या गाडीखाली एकदा वाकून बघितलं की कळणार होतं, आणि ते न कळता एक्कावन्न वर्षं गेली. या माणसाला लोक हौशी म्हणत.

गेल्या नोव्हेंबरात ओपल रॅटलिफचा फोन आला. चौऱ्याऐंशीची ही बाई, नवऱ्याच्या मागे डोंगरातलं भंगाराचं आवार एकटी चालवते.

"पोरा, आहेस का अजून, की गेलास?"

"आहे, मावशी."

"मग ये. वादळात मागचं अक्रोडाचं झाड पडलंय. त्याच्याखाली तुझी ती आहे."

"कोणती माझी?"

"तुझ्या मळक्या कागदावरची. रेडिएटरवरची पट्टी घासली मी. नंबर वाचून दाखवू? चष्मा आहे अजून मला."

आकडे ऐकताना व्हर्लिन कागदावरचा एक एक आकडा बोटाने ताडत गेला.

ओपलच्या आवाराच्या मागच्या भागात कुणी जात नाही. गाड्यांच्या रांगा तिथे झाडीत शिरतात आणि मग गाड्या कुठे संपल्या, झाडी कुठे सुरू झाली, कळत नाही. दुपारचे बारा वाजले होते, लख्ख ऊन होतं, आणि एक पाखरू ओरडत नव्हतं. दिवे गेलेल्या गाड्या रिकाम्या खोबणींनी बघत होत्या. व्हर्लिन अशा आवारांत अकरा वर्षं हिंडला होता. आज पहिल्यांदा त्याला मागे वळून बघावंसं वाटलं, आणि वळून बघायचं धाडस मात्र झालं नाही.

गाडी पडलेल्या झाडाच्या मुळांत रुतून बसली होती, उपटलेल्या मुळांनी तिची पुढची बाजू उचलून धरली होती. चाकं गेली होती, खाली नदीचा गाळ सुकून सिमेंटसारखा झाला होता. दार ओपलने पहारीने आधीच उचकटलं होतं. व्हर्लिन आत बसला आणि दचकला. त्याचे पाय पेडलपर्यंत पोचत नव्हते. सीट अगदी मागे सरकवलेली होती, लांब पायांच्या गार्लंडला लागायची तशी. तिथेच गंजून ती पक्की झाली होती. कुणी आत्ताच उठून गेल्यासारखी ती जागा होती, आणि व्हर्लिन लगबगीने बाहेर आला.

"बस की! काय चावलं का?" ओपल उलट्या बादलीवर बसून कॉफी पीत होती.

"दुसऱ्याची जागा आहे, मावशी."

मग तो उताणा होऊन गाडीखाली सरकला. तारेच्या ब्रशने त्याने डाव्या बाजूचा गाळ खरवडला. आधी नट दिसला. ब्रश दोनदा निसटून तोंडावर पडला. मग नटाच्या खाचेत गंजाचा एक फुगीर ठिपका दिसला, आणि त्याच्या पलीकडे दुमडलेले दोन पाय.

पिन होती. त्याने दांडा धरून हलवला, ओढला, लाथ मारली. दांडा तसूभर हलला नाही. उजवीकडचाही नाही. दोन्ही बाजू जोडणारा मधला दांडा, स्टिअरिंगचा गिअरबॉक्स, सगळं जागच्या जागी घट्ट होतं.

गाडीखालून विचित्र आवाज यायला लागला तशी ओपल उठली. व्हर्लिन रडत होता की हसत होता, त्यालाच कळत नव्हतं. त्याने आडवं पडूनच तिला सगळं सांगून टाकलं. सोळा वर्षांचा पोरगा, जमिनीवरची पिन, शेरिफचा माणूस, सगळं. "मी घातली होती, मावशी! मी नाही मारलं त्याला!"

"नाहीच मारलंस. ऊठ आता, गारठशील." ओपल गाडीभोवती एक चक्कर मारून आली. "काचा बघ कशा वर आहेत सगळ्या. जुलैचा महिना म्हणालास ना?"

बोलून गेल्यावर तिने ओठ आवळले. पण बोललेलं काही परत घेता येत नाही.

जुलैची दुपार, गाडीत एसी नाही, आणि एकूण एक काच वर, बाहेर निघायची वाट मुद्दाम बंद केल्यासारखी. व्हर्लिन गाळात बसून राहिला. त्या सकाळचं एक एक आता त्याला आठवू लागलं. गार्लंड घरोघर जाऊन उसन्या वस्तू परत करून आला होता. शेजाऱ्याची साखळी, चर्चची शिडी. आईने ते पुढे कितीतरी वर्षं अभिमानाने सांगितलं. युद्धावरून आल्यापासून गार्लंड धड जेवत नव्हता, त्या दिवशी मक्याचा पाव आणि घेवडा मागून घेऊन खाल्ला होता. एक्कावन्न वर्षं व्हर्लिनने फक्त पिनेचा विचार केला होता, आणि पिनेच्या पलीकडे काय होतं ते बघायला त्याला सवडच झाली नव्हती.

तो मधला दांडा ओपलने त्याला काढून दिला. घरी जाऊन त्याने नेडीनला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आणि मला वाटायचं, तुला गाडीचं वेड आहे."

हिवाळाभर त्याने दांडा घासला. टोकांचे सांधे नवे घातले, पिना नव्या घातल्या, त्या नेडीनकडून दोनदा तपासून घेतल्या. दुसऱ्या गाडीचा भाग सहजासहजी बसत नाही, त्याला ठोकावं लागतं, पाचर द्यावी लागते. हा दांडा व्हर्लिनने आपल्या गाडीखाली एका हाताने वर धरला आणि तो जागी जाऊन बसला. त्याने हात काढून घेतला आणि थोडा वेळ नुसता बघत राहिला.

मार्चमध्ये गाडी निघाली. रंग नव्हता, शेजारी नेडीन होती, आणि रस्ता नदीकाठचाच होता. वळण दिसू लागलं तशी नेडीनने दाराची मूठ पकडली. व्हर्लिनने स्टिअरिंग डावीकडे नेलं आणि त्याला वाटलं, आपल्या हातांखाली आणखी दोन हात आहेत, थंड, जराही जोर न लावणारे. ते ना डावीकडे ओढत होते, ना उजवीकडे. गाडी मुकाट्याने वळली. एवढंसं तर वळण होतं. एका बोटाने ढकललं असतं तरी झालं असतं.

त्याने गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं. व्हर्लिन पाण्याकडे बघत होता.

"मी घरीच होतो रे, गार्लंड. एक हाक मारायचीस," तो म्हणाला.