चिकटपट्टी लावलेली कॅसेट

माझ्या दुकानात काउंटरच्या खालच्या खणात एक व्हिडिओ कॅसेट आहे. तिच्या कडेला एक चौकोनी भोक आहे आणि त्या भोकावर चिकटपट्टी लावलेली आहे. ज्यांनी ते दिवस पाहिले नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. कॅसेटवरचा सिनेमा चुकून पुसला जाऊ नये म्हणून तिथला प्लॅस्टिकचा तुकडा मोडून ठेवत. भोक उघडं असलं की मशीन त्या कॅसेटवर नवीन काही भरूच देत नसे. ज्याला मुद्दाम भरायचं असेल, तो भोकावर चिकटपट्टी लावायचा. म्हणजे ही पट्टी आपोआप लागत नाही, कुणाचा तरी हात ती लावतो. तो हात कुणाचा हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. सिद्ध करता येत नव्हतं, आणि पुढे तर तो माणूस माझा व्याहीच झाला.

आज राहात्यात माझं टीव्ही-फ्रीजचं दुकान आहे. तेव्हा बाजारतळाजवळ पत्र्याची शेड होती, दाराला गोणपाटाचा पडदा, आत एक टीव्ही आणि एक व्हीसीआर. बाजाराच्या दिवशी भर दुपारी खेळ लावायचो. बैल विकून मोकळा झालेला माणूस, एसटीला वेळ असलेला माणूस, बायकोची खरेदी होईपर्यंत सावली शोधणारा माणूस, असं माझं गिऱ्हाईक. वडिलांनी मला एक सायकल आणि एक आडनाव दिलं. बाकीचं मी घासाघीस करून मिळवलं. पहिली सांगितलेली किंमत मी आयुष्यात कधी मान्य केली नाही, आणि आवाज चढवल्याशिवाय सौदा झाल्याचं मला आठवत नाही.

पुण्यात एक कॅसेट लायब्ररी बंद होत होती, तिथला सगळा लॉट मी उचलला. सकाळी बोलायला बसलो ते दुकानदाराची जेवायची वेळ टळली तरी उठलो नाही.

"अहो, तुम्हाला कॅसेटी घ्यायच्यात की भांडायचंय?" त्यानं विचारलं.

"दोन्ही," मी म्हणालो.

शेवटी सौदा ठरला तेव्हा भाजीवर कोथिंबीर मागतात तशी मी एक कॅसेट वर मागितली. त्यानं वैतागून फळीच्या टोकाची एक काढून माझ्या पिशवीत टाकली. "न्या. जुना युरोपातला पिक्चर आहे, रक्त पिणाऱ्या पिशाच्चाचा. भाषा कुणाला कळत नाही, कुणी नेतही नाही."

फुकटची वस्तू म्हणून मी ती लावून पाहिली नाही. एवढाच माझ्या बाजूनं कच्चा दुवा राहिला, आणि तो पुढे कित्येक वर्षं मला नडला.

सोनईला तेव्हा माझ्यासारखाच एक जण होता. व्हिडिओ दाखवायचा, शिवाय नवा कॅमेरा घेऊन लग्नांचं शूटिंग करायचा. आम्ही एकमेकांना कॅसेटी द्यायचो आणि पाठीमागे एकमेकांना शिव्या द्यायचो. तो माझ्याकडे आला आणि सगळ्या लॉटमधून नेमकी तीच घेऊन गेला. आठवड्यानं परत दिली. पुढच्या बाजाराला मी फळ्यावर लिहिलं: रक्तपिपासू, परदेशी, मराठीतून.

"मराठीतून" म्हणजे माझ्या तोंडून. परदेशी सिनेमा लागला की मी टीव्हीशेजारी माइक घेऊन उभा राहायचो आणि पडद्यावर दिसेल ते सांगत जायचो. भाषा मलाही कळत नसे. पण माणूस रडतोय की खोटं बोलतोय, हे कळायला बाजारात वाढलेल्याला भाषा लागत नाही.

सिनेमा काळा-पांढरा होता. बर्फानं गोठलेला एक कालवा, काठावर बंद पडलेली गिरणी, आणि तिच्यात राहणारं एक उंच, पांढरंफटक पिशाच्च, अंगात केसाळ कॉलरचा लांब कोट. पलीकडे एक तरुण विधवा खाणावळ चालवते. पाहता पाहता मी ताडलं, पिशाच्चाचा नियम असा की घरच्यानं "या" म्हटल्याशिवाय त्याला आत पाऊल टाकता येत नाही. म्हणून ते रोज तिच्या खिडकीबाहेर येऊन नुसतं उभं राहतं. मी हे माइकवर सांगितलं आणि शेडमध्ये एकच दंगा झाला.

"आरं, मग आपल्याकडं ह्याची मज्जा हाय की! हितं तर जो दिसंल त्याला या, बसा, च्या घ्या!"

"आन् शिंगनापुरात? तिथं तर दारंच न्हाईत. ह्यो काय करील, कुठं उभा ऱ्हाईल?"

मग एका प्रसंगात खाणावळवालीनं खिडकीत लसणाच्या माळा टांगल्या आणि पिशाच्च तोंड फिरवून पळालं. मागून एक म्हातारा ओरडला, "लसनाला भ्यालं! आमच्या घरी ये म्हनावं, नुसत्या चटनीच्या वासानं मरशील!"

इतकी हसवणारी भुताची गोष्ट मी पुन्हा पाहिली नाही. पण शेवटाकडे शेड गप्प झाली. पहाट व्हायला आलेली, पिशाच्च बाहेर थंडीत उभं, आणि ती बाई लसणाच्या माळा स्वतःच काढून टाकते. खिडकीपाशी येते. कडीवर हात ठेवते. मी माइकवर आवाज अगदी खाली आणला: "आता... ती कडी..."

आणि पडद्यावर धाडकन बँड सुरू झाला. रंगीत मांडव, फेट्याचा नवरदेव, मामानं हाताला धरून आणलेली नवरी, अंतरपाट, अक्षता. कुणाचं तरी सबंध लग्न.

तिकीट काढून बसलेली माणसं, त्यातली निम्मी माझ्याहून तापट. गोणपाटाकडे पाहिलं तर दाराशीच गर्दी. तोंडाला आलं ते बोललो: "तर मंडळी, तिनं खिडकी उघडली, या म्हणाली. घरात घेतल्यावर पिशाच्चाचा माणूस झाला, आणि हे बघा, दोघांचं लगीन लागतंय!"

टाळ्या पडल्या. अक्षतांच्या वेळी पुढच्या रांगेतल्यांनी खिशातले शेंगदाणे टीव्हीवर टाकले. पुढे कित्येक बाजार लोक विचारत यायचे, "ते पिशाच्चाच्या लग्नाचं कधी लावता?"

मशीनमधून कॅसेट काढली तेव्हा मला ती चिकटपट्टी दिसली. तशीच उचलून मी सोनईला गेलो आणि त्याच्या दुकानासमोर भर रस्त्यात त्याला विचारलं, "ही कुनी लावली?"

तो शांतपणे पान जुळवत होता. "पुन्यावाल्यानं लावली आसंल. फुकाटात मिळाल्याली ना? आमच्याकडं आली तवाच तिच्यात लगीन हुतं. तुमी बघून घ्यायची हुती."

बघून घ्यायची होती! खरेदीतली माझीच चूक तो मला, आणि तेही चार माणसांत, दाखवत होता. माझा तिळपापड झाला. पण मी खरंच पाहिली नव्हती. मी त्या रस्त्यावर जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मग बरीच वर्षं गेली. केबल आली, शेड गेली, दुकान झालं. माझी मुलगी नगरला कॉलेजात शिकत होती. एक दिवस तिनं घरी येऊन सांगितलं की एक मुलगा आहे, सोनईचा. मुलाच्या बापाचा धंदा ऐकला आणि मी जेवणाच्या ताटावरून उठलो. दोन दिवस बोललो नाही. तिसऱ्या दिवशी मुलगी म्हणाली, "दादा, तुमचं भांडण कॅसेटशी आहे, माझं लग्न माणसाशी आहे." ती माझ्यावर गेली आहे. तिच्याशी घासाघीस चालत नाही.

लग्नात व्याह्यांनी शूटिंग स्वतः करायचा हट्ट धरला. मांडवात मी त्यांच्या कानाशी लागून विचारलं, "कार्ड कोरं हाय ना? का कुनाचा पिक्चर हाय त्यात?" त्यांनी कॅमेऱ्यातून डोळा न काढता उत्तर दिलं, "पाव्हणं, हसा. तुमीच दिसताय."

आता अडचण अशी की मुलीचा बाप मुलीच्या सासरी आवाज चढवू शकत नाही. मी वर्षातून दोन-चार वेळा, कार्याच्या निमित्तानं जायचो, ओट्यावरच्या खुर्चीत बसायचो, चहा घ्यायचो आणि निघायचो. विषय आत तसाच. व्याही मात्र माझ्या मुलीला सांगायचे, "तुझ्या बापानं राहात्याला पिशाच्चाचं लगीन लावलं. खोटा शेवट सांगून तिकिटं खाल्ली." हे माझ्या कानावर यायचं आणि माझं रक्त तापायचं. ज्यानं शेवट पुसला, तोच मला खोटा ठरवत होता.

मग मध्यंतरी मुलीचा फोन आला. "दादा, गोठलेला कालवा, गिरणी, केसाळ कोट. हाच ना तुमचा पिक्चर? साफसूफ करून नव्यानं डीव्हीडीवर काढलाय, परदेशात. मागवू?"

"कितीला?" मी विचारलं. किंमत ऐकून म्हणालो, "कमी करायला सांग." ती म्हणाली तिथं सांगायला कुणी बसलेलं नसतं. ज्याच्याशी भांडता येत नाही अशा दुकानातून मी आयुष्यात केलेली ती पहिली खरेदी. आठवडाभर मला अन्न गोड लागलं नाही.

चकती आली, मुलीनं राहात्याला पाठवली. कव्हरावर तोच कोट, तीच खिडकी. पण लावायची कशावर? मी भिंतीएवढे टीव्ही विकतो, माझ्या सबंध दुकानात एक डीव्हीडी प्लेअर नाही. एका मित्राचा जुना आणला, तर त्यानं परदेशी चकती घेतलीच नाही. चौकशी केल्यावर कळलं, चकत्यांना देशादेशाचं कुलूप असतं, त्यासाठी प्लेअर आतून मोकळा करून घ्यावा लागतो. असा एक चालू प्लेअर आमच्या माहितीत कुणाकडे असावा?

"मामांकडे आहे," मुलगी फोनवर म्हणाली. सासऱ्यांना ती मामा म्हणते. फोनमध्येच हसण्याचा आवाज आला. "मामा म्हणताहेत, रविवारी जेवायलाच या."

रविवारी सोनईला गेलो. ओट्यावरच्या माझ्या खुर्चीकडे वळत होतो तेवढ्यात विहीणबाई म्हणाल्या, "आत चला ना, आज सगळं आतच हाय." बाजरीची भाकरी, वांग्याचं भरीत आणि लसणाची लाल चटणी असं जेवण झालं. व्याही चटणीचं भांडं माझ्याकडे सरकवत म्हणाले, "घ्या. चालती ना तुमाला? का भ्या वाटतं?" मी मुलीकडे पाहून गिळलं. चटणीही आणि उत्तरही.

चित्र लागलं आणि मी चाट पडलो. माझ्या टीव्हीवर जे करडं-करडं दिसायचं ते आता लख्ख होतं. बर्फाचा कण न् कण. कोटाला एक बटण नाही, हेही तेव्हा दिसलं नव्हतं. नकळत मी बारीक आवाजात सांगू लागलो, जुन्या सवयीनं. विहीणबाई पदर तोंडाला लावून ऐकत होत्या.

शेवट आला. माळा काढल्या. बाई खिडकीशी आली. कडीवर हात. माझा आवाज बंद झाला. इतकी वर्षं मी ज्या जागी अडकलो होतो ती जागा.

आणि व्याही पुढे सरकून विहीणबाईंना म्हणाले, "आता कोट बघ. ह्यो जातो, कोट तेवढा ऱ्हातो खुर्चीवर."

मी त्यांच्या हातातला रिमोट काढून घेतला आणि चित्र थांबवलं.

"पाव्हणं," मी म्हणालो. आवाज खाली ठेवला होता, तो कसा ठेवला माझं मला माहीत. "तुमच्याकडं आली तवाच तिच्यात लगीन हुतं ना? मग कोट ऱ्हातो हे तुमाला कुनी सांगितलं?"

व्याह्यांच्या तोंडाचा आ तसाच राहिला. पहिली हसली ती माझी मुलगी. मग विहीणबाई. त्या तर इतक्या हसल्या की त्यांना पाणी द्यावं लागलं.

"सांगा की आता," विहीणबाई म्हणाल्या. "उगं किती वर्सं पोटात ठेवताय?"

व्याह्यांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "पयलंच लगीन हुतं माझ्या कॅमेऱ्याचं. नवरी बोहल्यावर आली आन् कॅसेट संपली. भटजी थांबंना. पिशवीत तुमचीच तेवढी हुती, भोकावर पट्टी मारली. आदल्या दिशीच गावातल्या पोरांना दाखवल्याली, आन् शेवट पुन्यांदा बघाया तिथंच आनून ठेवल्याली." मग टोपी पुन्हा घालत, "लग्नाची नक्कल काढून त्यान्ला दिली. पर तुमचा शेवट कुठनं आनू?"

ही कबुली ऐकल्यावर काय काय बोलायचं ते मी इतकी वर्षं घोकून ठेवलं होतं. त्यातलं एक अक्षर आठवेना. मी रिमोटचं बटण दाबलं.

तिनं खिडकी उघडली. ते आत आलं, खुर्चीवर बसलं, तिच्या शेगडीवर हात शेकत राहिलं. उजाडलं. ऊन खुर्चीपर्यंत आलं आणि खुर्चीत नुसता कोट उरला. बाईनं तो उचलला, झटकला, खुंटीला अडकवला आणि खाणावळ उघडायला गेली. संपलं.

"उघडली," मी म्हणालो. "तेवढं तर मी खरं सांगितलं हुतं."

"व्हय," व्याही म्हणाले. "पर खरं सांगू? तुमचं लगीनच बरं हुतं. आमच्या गावातली पोरं राहात्याला बघून आली, आन् मला म्हनायची, तुमच्याकडं नुसता कोट."

मला बरं वाटलं, आणि मला बरं वाटलं की मी लगेच सौद्यावर येतो. "नुकसान भरून द्या मग. ह्यो प्लेअर मला द्या."

"न्हाई."

"चकती माझी हाय."

"चकती तुमची, प्लेअर माझा. बघायचा आसंल तर हितं यायचं. आन् सांगायचं, आत्ता सांगत हुता तसं."

मी बराच घासलो. व्याही एक पैसाभरही हलले नाहीत. मुलगी सोडली तर आयुष्यात माझ्यापुढे न हललेला हा एकच माणूस. शेवटी असं ठरलं की महिन्याच्या शेवटच्या रविवारी मी चकती घेऊन जायचं, आणि आळीतली माणसं व्याह्यांनी जमवायची. मागच्या खेपेला घर भरून माणसं ओट्यापर्यंत आली होती. मी लग्नाचाच शेवट सांगितला. पडद्यावर कोट खुंटीला लागत होता आणि मागून कुणीतरी शेंगदाणे टाकले.

चकती मी दर वेळी परत राहात्याला आणतो. सोनईत ठेवत नाही. त्या घरात चिकटपट्टी अजून आहे.