बहिणीच्या गोळीविरुद्ध माझं पत्रक

डॉक्टरांनी तुमच्या धाकट्या बहिणीच्या आजाराचं नाव सांगितलं आणि तुम्हाला काळजीच्या आधी तिचा हेवा वाटला, असं तुमचं कधी झालंय? माझं झालं. चेन्नईत, एग्मोरच्या एका दवाखान्यात, आईच्या शेजारच्या खुर्चीवर.

बहीण अकरावीत. छत्री, डबा, एकदा तर एक चप्पल शाळेत विसरून घरी आलेली. गणिताचा पेपर अर्धा सोडवून खिडकीबाहेर बघत बसायची आणि मग घरी न्हाणीघरात नळ सोडून रडायची. आईला तो नळ ऐकवेना, म्हणून डॉक्टर. बाबांनी त्या दिवशी रजा टाकली. संरक्षण खात्याच्या कारखान्यातल्या नोकरीसाठी पुण्याहून चेन्नईला आल्यापासून संप सोडून कशासाठीही त्यांनी काम बुडवलेलं मी पाहिलं नव्हतं. माझ्या बारावीच्या निकालालासुद्धा नाही.

डॉक्टरबाई शांतपणे विचारत होत्या. वस्तू हरवते का, दुसऱ्याचं बोलणं तोडते का, सुरू केलेलं काम अर्धवट राहतं का. आई प्रत्येक प्रश्नाला तिच्या वतीने हो म्हणत होती आणि मी मनात माझ्या वतीने. घरात आणखी कुणाला हा त्रास होता का, असं त्यांनी विचारलं, तेव्हा आई माझ्याकडे बघून हसली.

"ही पण अशीच होती. पण हिला आम्ही रागावून रागावून सरळ केलं."

म्हणजे शाळेत इम्पोझिशन, तेच वाक्य वही भरेपर्यंत लिहिणं. घरी धपाटे आणि 'धांदरट' हे नाव. डॉक्टरबाईंनी बहिणीला सांगितलं की ती आळशी नाही, तिचं लक्ष टिकत नाही, हा अवधानाचा विकार आहे. सवयी लावून घेता येतील, हवी तर गोळीही आहे. गोळीने भूक कमी होऊ शकते, झोप बिघडू शकते, वजन आणि रक्तदाब बघत राहावं लागेल, नको वाटली तर विचारून थांबवता येईल. घरी बोला आणि ठरवा. मला त्यातलं एकच वाक्य ऐकू आलं. ती आळशी नाही. ते कुणीतरी मला सांगायला हवं होतं.

घरी बोलून ठरवायचं म्हणजे आमच्याकडे पत्रक. बाबा कामगार संघटनेची पत्रकं लिहीत. मी वाचायला शिकले ती 'कामगार मित्रहो' पासून. घरातही तीच शिस्त: ज्याला बाजू मांडायची त्याने ती लिहून फ्रिजवर चिकटवायची, आणि रविवारी नाश्त्यानंतर हात वर करून मतदान. कागद नाही त्याला मत नाही. मांजर आणायचं की नाही यावरही पत्रकं निघाली होती आणि मांजर हरलं होतं.

सिरुसेरीच्या आयटी पार्कातून कामावरून परत येताना, ऑफिसच्या बसमध्येच, मी माझं लिहून आणलं. 'मुलीला बदलू नका, शाळा बदला!' पहाटेचे क्लास, गुणांची शर्यत, पोरांना गोळ्या देऊन बाकाला खिळवणारी व्यवस्था, सगळं त्यात होतं. त्यातला शब्द न् शब्द मला आजही पटतो. पण तो लिहिताना हात एवढा झपझप चालत होता तो व्यवस्थेच्या रागाने नव्हे. मी गोळीशिवाय निभावलं, तर हिने का नाही?

बाबांनी ते कारखान्याच्या फाटकावरच्या द्वारसभेत वाचावं तसं मोठ्याने वाचलं आणि माझ्या पाठीवर थाप मारली. आईचा कागद दोन ओळींचा होता. पोर रडते. देऊन बघू.

बहिणीचा कागद नव्हता. रविवारपर्यंत तिने तीन वेळा सुरुवात केली होती. एका कागदावर नुसतं नाव, एकावर मासा, एक पंख्याने उडून सोफ्याखाली गेलेला. बाबांनी इडलीचं ताट बाजूला सारून मतं मोजली. बाबा आणि मी विरुद्ध, आई बाजूने. गोळीचा ठराव पडला. आई ताटं उचलायला लागली.

"अक्का," बहीण मला म्हणाली. इथल्या कॉलनीत सगळी पोरं मोठ्या बहिणीला अक्काच म्हणतात. "तुला कागद पुरा करता येतो म्हणून तुला मत. मला तो पुरा होत नाही, म्हणून तर गोळी पाहिजे ना?"

बाबांनी चष्मा काढला. मग ते म्हणाले की नियम चुकीचा होता, तोंडी म्हणणं धरायचं, फेरमतदान. तिचा हात सगळ्यांत आधी वर गेला. मग आईचा, मग बाबांचा. मी सगळ्यांत शेवटी वर केला, आणि तोही कोपरापर्यंतच.

आता ती सकाळी नाश्त्यानंतर गोळी घेते. दुपारचा डबा अर्धा परत येतो, म्हणून डॉक्टरबाईंनी मात्रा कमी केली. संध्याकाळी तिला भूक लागते, मग आई दहीभात कालवते. शाळा होती तशीच आहे, त्या शाळेविरुद्ध मी अजून लिहिते. पण परवा बहिणीने एक धडा पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. मी दारात उभी राहून बघत होते. पान उलटताना तिची मान एकदाही वर आली नाही. मला ती शांतता हवी होती. अजूनही हवी आहे, आणि तिला ती माझ्याआधी मिळाली याचा जळफळाट अजून गेलेला नाही.

तुमच्या घरी असा निर्णय व्हायचा असेल, तर जिच्याबद्दल तो आहे तिला आज समोर बसवून विचारा. ती मधेच उठून गेली तर थांबा, परत आली की पुन्हा विचारा. आणि पुढच्या वेळी डॉक्टरकडे जाल तेव्हा तिच्या मोठ्या बहिणीसाठीही एक नंबर लावा.