सूनबाईचं औषध

माझी सून कमी बोलते. मी जन्मभर बस चालवली, हॉर्नवर ओरडायची सवय, त्यामुळे तिच्या वाट्याचंही मीच बोलतो.

ती एका प्रयोगशाळेत कामाला आहे. छातीत शिरणाऱ्या त्या हलकट विषाणूच्या आजारातून जी माणसं उठली, त्यांच्या रक्तात त्याला पकडून ठेवणारी प्रतिपिंडं असतात. त्यातली सगळ्यात चिवट निवडायची, तशीच भांड्यात वाढवलेल्या पेशींकडून बनवून घ्यायची आणि आजाऱ्याला टोचायची, हा तिच्या लोकांचा उद्योग. पेशींना खाऊपिऊ घालायला ती सुट्टीच्या दिवशीही पळायची. "नवऱ्याला चहा नाही, पण पेशींना वेळेवर जेवण!" मी चिडवायचो. ती हसायची आणि चपला घालायची.

मग विषाणूनं मलाच गाठलं. चार पावलं टाकली की धाप. इस्पितळात नाकाला नळी लावली तेव्हा माझं धाबंच दणाणलं. तिच्याच औषधाची तिथं चाचणी चालू होती. डॉक्टर म्हणाले, "निम्म्यांना औषध, निम्म्यांना नुसतं सलाईन. कुणाला काय, ते आम्हालाही कळत नाही." मी सही ठोकून मोकळा झालो.

पिशवी लावली तेव्हा सून मास्क लावून उशाशी उभी होती. आत काय आहे ते दिसू नये म्हणून पिशवीवर काळं आवरण. नर्सनं ती उलटीसुलटी करून टांगली, आवरण जरा सरकलं, तिनं लगेच नीट केलं.

"काय गं, औषधच आहे ना?"

"मला कुठून कळणार, बाबा?" म्हणाली आणि माझं पांघरूण सारखं करायला लागली.

मी आपलं ठरवून टाकलं, औषधच. घरची सून बनवते आणि मला पाणी? छे! त्या भरवशावर श्वास ओढत राहिलो. ती रोज यायची, ऑक्सिजनचा आकडा बघायची. हळूहळू आकडा चढला, नळी निघाली. घरी आल्यावर मी गल्लीभर सांगत सुटलो, "सुनेनं वाचवलं!" ती म्हणायची, "बाबा, पुरे ना."

चाचणी संपल्यावर इस्पितळातून फोन आला. औषधानं बऱ्याच जणांना लवकर उतार पडला होता. मला मात्र सलाईन मिळालं होतं. मी आपला नशिबानं उठलो होतो.

सून स्वयंपाकघरात भांडी पुसत होती. तिला सांगितलं, तर ती दचकलीसुद्धा नाही.

"तुला ठाऊक होतं?"

"त्याच दिवशी कळलं. आमचं औषध असं हललं की वर फेस धरतं. तुमच्या पिशवीत धरला नाही."

मी असा भडकलो म्हणता! "अगं, मेलो असतो मी! एक शब्द बोलायला काय झालं होतं?"

तिनं फडकं खाली ठेवलं. डोळे भरून आले होते.

"बोलले असते तर तुम्ही मागितलं असतंत, बाबा. औषधाच्या फ्रीजची किल्ली माझ्याकडे असते. मी चोरून आणलंच असतं. म्हणून तुमच्याकडे यायच्या आधी रोज ती किल्ली मी आमच्या साहेबांच्या हातात देऊन यायचे."