आमच्या डोक्यावरचे लिंकरवाले

माणसांवाचून ज्याचं काहीही अडत नाही असा माणूस अख्ख्या मराठवाड्यात एकच, आणि तो नेमका आमच्या डोक्यावर राहतो, अशी माझी बरीच वर्षं खात्री होती. मूळचे वैजापूरकडचे हे एकटे गृहस्थ घरी बसून परदेशातल्या कंपनीचा लिंकर सांभाळत. वेगवेगळ्यांनी लिहिलेले प्रोग्रॅमचे तुकडे जोडून एकसंध करतो तो लिंकर, एवढं कळायला मला दोन दुष्काळ लागले. आमचं शहर बीड बायपासचा रस्ता ओलांडून पसरत चाललेलं, नळ कोरडे, आणि हे प्रोग्रॅममधला एक फालतू प्रश्न पुसण्यात गढलेले. तोच नाद बाजारातही. भाजीवालीची मेथीची टोपली ठरलेली, मग विचारायचं कशाला, म्हणून न बघता जुडी उचलायचे. तीनदा शेपू आणला आणि तिन्ही वेळा मुकाट्यानं खाल्ला.

एकदा मी चुकून कामाबद्दल विचारलं, तर मला हाताला धरून खाली नेलं, भिंतीलगतचे सगळ्या बिऱ्हाडांचे पाण्याचे निळे ड्रम दाखवायला. "काका, समजा एकच काम आठ जण एकाच वेळी करताहेत. ड्रम म्हटलं की प्रत्येकाला आपलाच हवा. म्हणून दर वेळी विचारायचं, माझा कुठं आहे? पण तो पहिल्यापासून इथलाच, जागा हलणार नाही, हे जोडतानाच कळलं तर लिंकर तो प्रश्नच काढून टाकतो. या खांबापासून इतकी पावलं, संपलं! मागाहून आलेल्याला मात्र विचारावंच लागतं."

एवढ्यावर थांबतील तर ते लिंकरवाले कसले! मेंढरं सोडून स्टिअरिंग धरलेले आमचे टँकरवाले मामा तोवर दारोदार जिने चढून "तुमचा ड्रम कंचा?" विचारत. यांनी खांबापासून मोजून जागा आखल्या, नंबर रंगवले. मामा खालूनच पाइप सोडू लागले. "लई बेस झालं, गुडघं वाचलं," म्हणाले. सगळ्यांनी यांची पाठ थोपटली.

पंधरवड्यानं सकाळी पाहतो तर हे स्वतःचा ड्रम फरफटत जिन्यामागं नेताहेत. "अहो, ठरलेली जागा मोडता?" मी हसलो. ते हसले नाहीत. "काका, आठवड्यात माझ्या दारावर एकच थाप पडायची. मामांची. मीच ती काढून टाकली."

टँकर आला. मामांनी रिकाम्या जागेकडं पाहिलं. ड्रम नाही तर पाणी नाही, असं म्हणून ते पुढच्या वस्तीकडं जाऊ शकले असते. माझा जीव उगाच टांगणीला लागला. मामांनी पाइप खाली ठेवला. "सात नंबर दिसंना. बघतो इचारून," म्हणत गुडघ्यावर हात टेकत जिना चढले. वरून दोघांच्या हसण्याचा आवाज आला, आणि मला स्वतःचीच लाज वाटली. मामांना तीन वस्त्यांना पाणी द्यायचं होतं. मी रिकामटेकडा पेन्शनर, तरी त्या पंधरा पायऱ्या कधी चढलो नव्हतो.

पुढच्या उन्हाळ्यात ते पुण्याला गेले. परवा न राहवून मी वर गेलो. नव्या बिऱ्हाडातल्या बाईंनी दार उघडलं. "काका, काही काम होतं का?"

"काम नाही," मी म्हणालो, "सहज आलो."