दादानं किती तेल ओतलं

सकाळी साडेनऊच्या सुमाराला जावयाची गाडी दोरीला बांधून ओढत आणली, तेव्हा दादा गॅरेजच्या ओट्यावर बसून एका जुन्या कार्बोरेटरला ब्रश मारत होता. ज्या टेम्पोनं ओढून आणली त्यानं दोरी सोडली आणि तो गेला. गाडीतून जावई उतरला, पलीकडच्या दारानं दादाची लेक उतरली. जावयानं दार असं आपटलं की शेडचा पत्रा वाजला.

"झालं समाधान?" जावई म्हणाला.

दादानं ब्रश खाली ठेवला. "काय झालं, जावईबापू?"

"चढावर झटके खायला लागली. दिवा लागला. मग बंदच पडली. मागं ट्रक होता, बाबा. बायको बाजूला बसलेली."

दादा उठून गाडीपाशी गेला. बॉनेट उघडलं, हवेच्या डब्याच्या चार क्लिपा काढल्या, आतला लाल कापडी फिल्टर बाहेर काढला. फिल्टर काढताना त्याच्या मनगटावरून तेल ओघळलं. त्यानं पुढच्या पाइपात बोट घातलं, बाहेर काढलं, वास घेतला. मग बोट पँटीला पुसलं. दादाची बहीण, जिला पन्नाशी उलटून गेली तरी सगळं जग धाकटीच म्हणायचं, ती मागं उभी राहून बघत होती.

"तेल पुढं गेलंय," दादा म्हणाला.

"जाणारच. तेलात बुडवून लावलात ना," जावई म्हणाला. "तुम्हाला हा फिल्टर नकोच होता. पहिल्यापासून नको होता. बघा, कापडी लावला की काय होतं, हे दाखवायचं होतं. मुद्दाम केलंत."

लेक म्हणाली, "बाबा, खरं का?"

दादानं तिच्याकडं बघितलं, पण बोलला तो गाडीकडं बघून. "राहू दे इथं. उद्या बघतो."

एवढंच. ती दोघं चालत फाटकाबाहेर गेली. दादा परत ओट्यावर बसला, पण ब्रश काही उचलला नाही. एक वाजता धाकटीनं डबा उघडला तर म्हणाला, भूक नाही, जरा पडतो. बाकावर आडवा झाला. थोड्या वेळानं पाणी मागितलं. ती माठातलं पाणी घेऊन आली तोवर तो गेला होता. डॉक्टर आले, हृदय म्हणाले. तांब्या तिच्या हातात तसाच.

आता दादा कोण होता ते सांगायला पाहिजे, नाहीतर एका फिल्टरवरून एवढं काय, असं कुणालाही वाटेल.

दादा चाळीस वर्षं मिस्त्री. गिऱ्हाइकं त्याला मागं फुंकणी म्हणायची, कारण हातात काहीही आलं की आधी फुंकर मारायचा, मग बघायचा. बोल्ट असो, प्लग असो, चहाचा कप असो. एकदा एकानं नवीन चष्मा दाखवला, त्यालाही फुंकर मारली. बोलायचा कमी, पण बोलला की समोरच्याला आठ दिवस पुरायचं. छापलेले कागद वाचायचा नाही. कुठल्या पार्टबरोबर माहितीचा कागद आला की बोळा करून हात पुसायचा. म्हणायचा, "कागद वाचून गाडी दुरुस्त झाली असती तर पोस्टमन मिस्त्री झाला असता."

दादाची बायको वारली तेव्हा लेक नऊ वर्षांची होती. धाकटीनं लग्न केलं नव्हतं, का ते इथं नको. तीच भावाकडं राहायला आली, तिनंच पोरीच्या वेण्या घातल्या, आणि पोर शाळेत गेली की गॅरेजात हातभार लावायला लागली. दोघांचे वडीलही मिस्त्रीच होते, त्यामुळं हत्यारं काही नवीन नव्हती. फिल्टरचं खातं तिच्याकडं होतं. कागदी फिल्टर आला की फरशीवर हळूच आपटायचा, आतल्या बाजूनं हवा मारायची, मग पेटत्या बल्बसमोर धरायचा. पलीकडचा उजेड दिसला तर अजून चालेल. नाही दिसला तर टाकून नवा. दादा दुरून विचारायचा, "दिसतोय का?" ती म्हणायची, "नाही." की लगेच गिऱ्हाइकाला, "बदला. तुमची गाडी उशीत तोंड खुपसून पळतेय."

लेकीचं लग्न झालं. जावई पाण्याचे पंप विकायचा, गावोगाव हिंडायचा. माणूस कष्टाळू, पण गाडीचं वेड. जुनीच गाडी घेतली होती, पण तिच्यावर जीव. फोनवर काही ना काही बघायचा आणि रविवारी येऊन सासऱ्याला सांगायचा. अशात एका रविवारी कापडी फिल्टरचं निघालं.

"बाबा, हा कागदीपेक्षा जास्त हवा ओढतो. गाडीला ताकद येते."

"कुणाच्या गाडीला?"

"माझ्या."

"तुमच्या गाडीचं इंजिन ऑइल वेळेवर बदला, ती आपोआप ताकद दाखवेल."

"हा धुता येतो. कागदी दर वर्षी फेकायचा. हा आयुष्यभर चालतो."

"आयुष्यभर म्हणजे कुणाच्या? गाडीच्या, का फिल्टरच्या?" दादा म्हणाला. "अहो, धूळ त्यात अडकते म्हणून तर आपण तो फेकतो. तुमचं म्हणजे दात कोरलेली काडी धुऊन परत खिशात ठेवायची."

धाकटी हसली, तशी लेकही हसली. जावयाचं नाक लाल झालं.

"हवा जास्त आली तर वाईट काय त्यात?"

"नाकात केस आहेत म्हणून माणूस जगतोय, जावईबापू. तुम्ही म्हणताय, भोक मोठं करू आणि केस विरळ करू. तुम्ही हिंडता कुठं? मातीच्या रस्त्यांनी. शर्यतीत पळणाऱ्याचं ठीक आहे, तो शर्यत संपली की इंजिन खोलतो. तुम्ही काय खोलणार, पंपाची खोकी?"

जावयाचं सगळंच चूक होतं असं नाही. चांगल्या रस्त्याला, नीट सांभाळला तर कापडीही चालतो, कितीतरी लोक वापरतात. पण दादानं ऐकूनच घेतलं नाही, आणि जावयानंही सोडलं नाही. वर्षभर दर रविवारी तेच. शेवटी शेवटी जावई यायचाच बंद झाला, लेक एकटी यायची आणि घड्याळ बघत बसायची. मग एक दिवस ती म्हणाली, "बाबा, तुम्ही जिंका, ते जिंकू देत, मला काही नको. माझ्यासाठी तो एवढा फिल्टर लावून द्या. घरात बोलायला दुसरा विषय उरला नाही."

दादा म्हणाला, "आण."

गाडी आली. नवा कोरा फिल्टर, बरोबर तेलाची लांबट बाटली, घडी घातलेला कागद. कागदानं दादानं हात पुसले. फिल्टरला फुंकर मारली, बोटानं चाचपला आणि म्हणाला, "हे तर कोरडं आहे." मग बाटली उघडून शांतपणे, फिल्टरच्या कापडाची एकेक घडी बघत, तेल घातलं. धाकटी शेजारीच होती. तिनंच खाली ट्रे धरला. लावून झाल्यावर दादानं लेकीला चावी दिली आणि म्हणाला, "जावईबापूंना म्हणावं, आता तरी जेवायला या."

ती दोघं पुढच्या रविवारी आली, जेवली, जावई दोनदा भात घेऊन जेवला. त्यानंतर चौथ्या दिवशी गाडी चढावर बंद पडली.

दादा गेल्यावर लेकीनं सगळं केलं. आठ दिवस राहिली, माणसं आली-गेली त्यांना चहापाणी बघितलं, बापाचे कपडे घडी करून ठेवले. रडली मात्र नाही. जायच्या आदल्या दिवशी भांडी घासताना म्हणाली, "आत्या, शेवटी बाबांनी आपलंच खरं केलं ना. मला हो म्हणाले, आणि केलं मात्र मनातलं."

धाकटी म्हणाली, "नाही गं. दादानं तेल बरोबर घातलं होतं. मी स्वतः बघितलंय. तुझ्या नवऱ्याचा फिल्टरच भिकार."

"म्हणजे तूही बाबांसारखंच बोल."

"मी जे बघितलं ते बोलतेय."

"मग पाइपात तेल कुठून आलं? आभाळातून पडलं?"

धाकटीनं परत तेच सांगितलं. ती जितकं सांगायची, बरोबर घातलं होतं, तितकं त्या पोरीला वाटायचं की ही भावाला पाठीशी घालतेय. मग तिनं बोलणं सोडलं. पण रात्रंदिवस तेच डोक्यात. जिला आपण वेण्या घातल्या, ती आता जन्मभर बापाला लबाड समजणार. दादा तिरसट होता, हट्टी होता, जावयाला नाही नाही ते बोलला. पण लेकीला तोंडावर हो म्हणून मागं दगा देणारा नव्हता. हे सांगणार कोण, आणि कशावरून?

गाडी तशीच शेडखाली उभी होती. धाकटीनं ती करायला घेतली. डब्याच्या पुढं पाइपात केसाएवढी एक तार असते, किती हवा आत गेली ते तिच्यावरून गाडीला कळतं. तिच्यावर तेलाचा थर बसला की गाडीचा हिशेब चुकतो आणि ती झटके खाते. धाकटीनं तार फवारा मारून साफ केली, पाइप पुसला. गाडी पहिल्या चावीला सुरू झाली. मग तिनं कापडी फिल्टर साबणाच्या पाण्यात धुतला आणि सावलीत दोरीला टांगला. त्यांची वस्तू होती, त्यांना जशी पाहिजे तशी लावून द्यायची, असं तिनं ठरवलं होतं. गाडी करून द्यायची आणि संबंध राखायचे, दुसरं काय हातात होतं.

रविवारी जावई आला. लेक आत आली नाही, फाटकाबाहेरच्या दगडावर फोन बघत बसली.

"आत्या, झाली का गाडी?"

"गाडी कधीचीच झाली. तुमचा फिल्टर वाळला, त्याला तेवढं तेल घालते आणि लावते. बसा."

जावई बसला नाही, उभाच राहिला. धाकटीनं ट्रे पुढं ओढला, फिल्टर उभा धरला, बाटली तिरकी केली. एकेक घडी बघत सावकाश ओतत गेली. एक बाजू झाली, फिरवला. ट्रेमध्ये तेल जमायला लागलं.

"आत्या," जावई म्हणाला. मग परत, "आत्या, बास."

"खालची बाजू राहिलीय."

"अहो बास! टपकतंय!"

"टपकायलाच पाहिजे. टपकलं नाही तर पोचलं कसं कळणार?"

जावयानं खाली वाकून तिचा हात धरला. बाटली अर्धी झाली होती. त्यानं खिशातून फोन काढला, काहीतरी शोधलं आणि वाचायला लागला. "घडीवर एकच बारीक रेघ घालायची. टपकेल इतकं घालू नये. नवीन फिल्टर तेल लावूनच येतो, वरून घालू नये."

"असं कोण म्हणतं?"

"कंपनी म्हणते."

"कंपनीला काय कळतंय," धाकटी म्हणाली. "आमचे वडील म्हणायचे, तेलाला हात आखडायचा नाही. पूर्वीच्या गाड्यांना हवेच्या डब्यात तळाला तेलाची वाटीच असायची. हवा वरून यायची, धूळ तेलात बुडून बसायची. वाटी काठोकाठ नसली की वडील टपली मारायचे."

"आणि बाबांना कुणी शिकवलं?"

"दुसरं कोण शिकवणार? आम्ही एकाच वाटीवर शिकलो. त्याला चार टपल्या जास्त बसल्या, एवढाच फरक."

जावई ट्रेकडं बघत राहिला. धाकटीही बघायला लागली, आणि तेव्हा कुठं तिच्या डोक्यात उजेड पडला की दादानं त्या दिवशी बोटाचा वास घेतल्यावर आरोप मुकाट्यानं का ऐकून घेतला.

"मग ते बोलले का नाहीत?" जावयानं विचारलं. "चुकून झालं, एवढं म्हणायचं होतं. मी काय खाल्लं असतं का त्यांना?"

"मुद्दाम केलं म्हटलं की माणूस वाईट ठरतो," धाकटी म्हणाली. "चुकलं म्हटलं की मिस्त्री वाईट ठरतो. माणूस वाईट ठरलेला त्याला चालला असेल."

जावई फाटकाकडं गेला. तिथून काही ऐकू येत नव्हतं, नुसतं तो हातानं बाटली ओतून दाखवत होता ते दिसत होतं. लेक उठली आणि आत आली. ट्रेजवळ उभी राहिली.

"आत्या, हे मला दाखवायला केलंस ना?"

धाकटीला रागच आला. "दाखवायला? मला काय वेड लागलंय, अर्धी बाटली वाया घालवायला? आणि मी थांबले कुठं होते? ह्यांनी हात धरला म्हणून."

"खरंय," जावई म्हणाला. "मी धरला नसता तर सगळी ओतली असती."

लेकीनं फिल्टर उचलला. तेल तिच्या बोटांवरून कोपरापर्यंत आलं. तिनं तो उलटा केला, परत सुलटा केला.

"आता काय लावायचं मग?" जावयानं हळूच विचारलं.

"हा परत धुवायला लागणार, वाळायला दोन दिवस. तोवर मी कागदी बसवून देते. पुढचं तुम्ही ठरवा, गाडी तुमची आहे."

जावयानं मान हलवली. धाकटी कागदी फिल्टर काढायला फळीकडं गेली. मागं बादली सरकल्याचा आवाज आला, म्हणून तिनं वळून बघितलं. लेक नळाखाली बादली लावून उकिडवी बसली होती, बाह्या वर केल्या होत्या.

"आत्या," ती मान वर न करता म्हणाली, "साबण कुठाय?"